एप्रिलात गोकाक बघायला आलात

या की, या. गाडी तिथंच चिंचेखाली लावा.
सावली तेवढी एकच आहे, तिचे पैसे मी घेत नाही.
मी भरमा काकतकर. फोटोवाला. गाइड म्हटलं तरी ओ देतो.
सव्वीस उन्हाळे या कड्यावर काढले,
आणि या महिन्यात आलेले तुम्ही तिसरेच.

काकड्या विकणारी यल्लवा वाटेतच सगळ्यांना सांगते,
नीर इल्लरी, नीर इल्ला.
तिचं मनावर घेऊ नका. तिच्या काकड्या मात्र घ्या.

तर पहिलं बघण्यासारखं ठिकाण, धबधबा.
हां, हाच.
तो तापलेला उभा कडा दिसतोय ना, तोच तो.
पाणी वर अडवलंय, उरलेलं कालव्यानं उसाला गेलं.
जुलैत या, असं मी कुणाला म्हणत नाही.
जुलैत सगळेच येतात.

बाई म्हणाल्या, आम्ही शारजाहून आलोय.
(जरा मोठ्यानंच बोलतात. असतो एकेकाचा आवाज.)
तिथं नुसतं ऊन आणि काच,
पोरांना एकदा खरं पडणारं पाणी दाखवायचं होतं.
थोरला म्हणाला, मॉलमध्ये आहे की, चार मजले,
रंगीत.
मी काय बोलणार? कॅमेऱ्याची पट्टी नीट केली.

दुसरं ठिकाण, झुलता पूल.
त्याला सध्या कुलूप आहे.
पण साडेअकराला त्याची सावली खाली पात्रात उतरते,
फळी न् फळी, दोरखंडासकट.
तिच्यावरून चालता येतं. तिकीट नाही, हलत नाही.
धाकटी चप्पल हातात घेऊन निघाली
आणि दगड पोळला तशी सावलीच्याच फळ्या धरून पळाली,
या काठापासून पार त्या काठापर्यंत, एकही न चुकवता.
नदी ओलांडली मी, म्हणून ओरडली पलीकडून.
ओलांडलीच होती.

तिसरं, खळगे. पाण्यानं गोटे फिरवून फिरवून पाडलेले,
कुठं वाटीएवढे, कुठं माणूस उभा मावेल एवढे.
एकात हिरवी बांगडी निघाली, एकात चाव्यांचा जुडगा,
एकात तळहाताएवढं पाणी, त्यात एक बेडूक,
आमच्याकडं असं बघणारा, की धबधबा त्याच्या नावावर आहे.
थोरल्यानं फोन खिशातनं काढला तो इथं पहिल्यांदा.

चौथं मी दाखवलं नाही. बाईंनीच दाखवलं.
त्या गिरणीकडं बघत होत्या, धुराड्याकडं नाही,
खालच्या चाळीतल्या तिसऱ्या दाराकडं.
बाबा सूतखात्यात होते, म्हणाल्या. मी सात वर्षांची होईपर्यंत इथंच.
दिवसभर यंत्रं, रात्रभर हा,
घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडून.
शारजात शेजारी दार वाजवतात, भांडण झालं का विचारायला.
नवरा म्हणतो, हळू बोल.
मला हळू म्हणजे कुठवर ते कळतच नाही.

हे त्यांनी सगळं ओरडूनच सांगितलं,
पानही हलत नव्हतं अशा त्या दुपारी.
मग आठवलं, माझी बायको हेच म्हणते,
आणि यल्लवा काकड्यांचा भाव सांगते तो मला वरपर्यंत ऐकू येतो.

फोटोसाठी मागं पडदा आहे माझ्याकडं,
फेसाळ पांढरा जुलै, संकेश्वरच्या पेंटरनं रंगवलेला.
लावू का, विचारलं.
नको, म्हणाल्या. हेच असू दे.

उभी राहिली तिघं, डोळे बारीक करून, उन्हात.
मी सवयीनं, धबधब्याच्या वर आवाज चढवून म्हटलं, हसा!
आणि कडा म्हणाला, सा.
सव्वीस वर्षांत त्यानं मला कधी उत्तर दिलेलं नव्हतं,
किंवा मी कधी थांबलो नव्हतो.

धाकटीनं लगेच आपलं नाव ओरडून बघितलं.
मग आईचं.
मग बेडकाचं, जे तिनं तिथंच ठेवलं होतं.
पारवे उठले, पुन्हा बसले.
फोटो हललाय जरा. तसाच दिला.